कोकणातली गरम पाण्याची कुंडं आणि त्यांच्या शेजारची लेणी: दोन्ही एकत्र बघा

कातळवाट

दिवाळी उलटली की कोकणातल्या गरम पाण्याच्या कुंडांवर गर्दी सुरू होते. गाडी लावायची, पंचा गुंडाळायचा, दोन डुबक्या मारायच्या, चहा-भजी खाऊन दापोली नाहीतर गुहागरच्या समुद्राकडे निघायचं. आंघोळीचा आनंद मी कमी लेखत नाही, मला स्वतःला तो फार आवडतो. पण याच कुंडांपासून थोड्या अंतरावर हजार ते दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी आहेत आणि तिथे भर हंगामातही चिटपाखरू नसतं, याची दरवेळी चुटपुट लागते. म्हणून हा धागा.

नकाशा उघडून बघा. उन्हवऱ्याला पन्हाळेकाजी आहे. महाडजवळच्या सवला गांधारपाले आहे. पालीजवळच्या उन्हेऱ्याला ठाणाळे आणि खडसांबळे. तुरळ-राजवाडीच्या झऱ्यांपासून थोडं दक्षिणेला गेलं की लेणं नाही, पण कसबा संगमेश्वरचं कर्णेश्वराचं जुनं देऊळ. झरे सह्याद्रीच्या पायथ्याच्या पट्ट्यात वर येतात. आणि जुना व्यापारही याच पट्ट्यातून चालायचा. माल गलबतांनी खाडीतून आत यायचा, खाडी संपेल तिथे उतरायचा आणि बैलांच्या पाठीवरून घाट चढायचा. त्या वाटांवर लेणी कोरली गेली. झऱ्यामुळे लेणं झालं असं माझं म्हणणं नाही, तसा पुरावा माझ्यापाशी नाही. पण एकाच मुलखाच्या या दोन गोष्टी आहेत आणि एका दिवसात दोन्ही बघितल्या की तो मुलूख जास्त कळतो, एवढं नक्की.

माझी सगळ्यात आवडती जोडी उन्हवरे-पन्हाळेकाजीची. दापोली-खेड रस्त्यावर वाकवलीला फाटा आहे, तिथून आत वळायचं. मी आधी लेणी आणि मग कुंड असा क्रम ठेवते. दिवसभर चालून, चढून अंग दुखायला लागल्यावर कुंडात उतरण्यात जे सुख आहे ते सकाळी ताज्या अंगाने मिळत नाही.

पन्हाळेकाजी कोटजाई नदीच्या काठी आहे, एकूण २९ लेणी. ती उंच डोंगरावर नाहीत. उतरत जायचं, आणि नदीच्या बाजूने तोंड करून ओळीने कोरलेली दालनं समोर येतात. पुरातत्त्व खात्याचे महासंचालक राहिलेले म. न. देशपांडे यांनी १९७०च्या दशकात इथे काम केलं, त्यानंतर ही जागा अभ्यासकांच्या नजरेत आली. ११३९ सालचा शिलाहारांचा एक ताम्रपट या भागात सापडला, त्यात या गावाचा उल्लेख प्रणालक म्हणून येतो.

वेरूळ-अजिंठ्याची भव्यता मनात धरून इथे येऊ नका. इथली श्रीमंती वेगळी आहे. साधारण तिसऱ्या शतकाच्या आसपास इथे बौद्ध भिक्षूंच्या साध्या खोल्यांनी सुरुवात झाली. दहाव्या-अकराव्या शतकात वज्रयान या तांत्रिक बौद्ध पंथाचे लोक आले, त्यांच्या महाचंडरोषण या देवतेची मूर्ती इथे मिळाली. ही मूर्ती आपल्याकडे फार दुर्मिळ. मग शिलाहारांच्या काळात शिवलिंगं आली, गणपती आला. त्यानंतर नाथपंथी आले. थोडं बाजूला असलेलं गौर लेणं मुद्दाम शोधून बघा, तिथे भिंतींवर ८४ सिद्धांच्या छोट्या छोट्या आकृती आहेत. एका गावातल्या एका कातळात हजार वर्षं माणसं येत राहिली. आधीच्यांनी कोरलेल्या खोल्या पुढच्यांनी आपल्या देवासाठी वापरल्या. टॉर्च हवाच, मोबाइलच्या उजेडात भिंतीवरचं उथळ काम दिसत नाही. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून, बाजूने उजेड पाडा. झिजलेल्या आकृतींच्या कडा सावलीमुळे उठून येतात.

आता उन्हवऱ्याचं कुंड. मूळ झऱ्याचं पाणी सत्तर अंशांच्या आसपास असतं, त्यात थेट उतरायचं नाही. आंघोळीसाठी पुरुषांची आणि बायकांची बंदिस्त जागा वेगळी आहे. गंधकाचा वास येतो, पाच मिनिटांत नाक सरावतं. बायकांच्या बाजूला गावातल्या आज्ज्या असतात, त्या कशा उतरतात ते बघत राहा. पायरीवर बसून तांब्यातांब्याने आधी पावलांवर पाणी, मग पिंढऱ्या, मग गुडघे. गुडघ्यांवर बराच वेळ. त्यानंतर पाठ. शेवटी कमरेपर्यंत पाण्यात, तेही बसून, आणि डोकं कोरडं. शहरातून आलेल्या मुली धप्पकन उतरतात आणि दुसऱ्या क्षणाला किंचाळत बाहेर येतात. मला एका आज्जीने हाताला धरून शेजारी बसवलं होतं, "सावकाश गो बाय, पानी खंय पळून जात नाय." तेव्हापासून मी तिच्याच पद्धतीने उतरते.

तुमच्या जोड्या सांगा. तपशील द्या, नुसतं "छान जागा" नको.

दिंडीदरवाजा

वाचनखूण साठवली. पन्हाळेकाजीला दापोलीकरांपैकी किती जण गेले असतील, शंका आहे. सात-आठ वर्षांच्या मुलांना घेऊन जाता येईल का?

कातळवाट

लेण्यांना जरूर न्या. पायवाट आहे, उतार आहे, पण अवघड कुठेच नाही. नदीत मात्र गावात विचारल्याशिवाय कोणालाही उतरू देऊ नका. कुंडाबाबत मुलांसाठी इथल्या डॉक्टर मंडळींनी लिहावं.

सावित्रीकाठ

ताई, महाडकर म्हणून गांधारपाल्याबद्दल मी लिहितो.

मुंबई-गोवा महामार्गावरून महाड येण्याआधीच डोंगराच्या कुशीत काळी भोकं दिसतात, तीच ही लेणी. आमच्याकडे पांडवलेणी म्हणतात. महाडपासून दोन-तीन किलोमीटर. पायऱ्या आहेत, चढ दमवतो पण लवकर संपतो. एका लेण्यात ब्राह्मी शिलालेख आहे. त्यात काणभोअ विण्हुपालित नावाच्या कुमाराने लेणं, चैत्यगृह, आठ ओवऱ्या आणि पाण्याची टाकी दान केल्याची नोंद आहे. दान देणाऱ्याने खोल्यांच्या बरोबरीने पाण्याचाही हिशेब खडकात कोरून ठेवला. ही टाकी आजही बघता येतात. आधी ती बघा, मग वर चैत्यात जा.

लेण्याच्या ओट्यावर उभं राहिलं की खाली गांधारी आणि सावित्री, पलीकडे महाड, सगळं दिसतं. महाड बंदर होतं ते इथून कळतं. सावित्रीतून गलबतं वर यायची हे पुस्तकात वाचलेलं असतं, पण नदीचं ते रुंद वळण वरून बघितल्यावर शंका राहत नाही. २०२१च्या जुलैत याच नदीने शहरात पाणी घातलं, तेही इथून बघताना आठवतं.

सवचे झरे नदीच्या पलीकडच्या अंगाला. उन्हवऱ्याइतका गाजावाजा नाही, सोयी बेताच्या आहेत, पण पाणी चांगलं गरम आहे.

आणि महाडला येऊन चवदार तळ्यावर न जाता परत जाऊ नका. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी हजारो माणसांसह या तळ्याचं पाणी घेतलं. कुंड, टाकं, तळं बघायला निघालेल्या माणसाने, पाणी कोणाला मिळायचं आणि कोणाला नाही हेही समजून घ्यायला हवं. एरवी ती सहल अर्धी राहते, असं माझं स्पष्ट मत आहे.

कातळवाट

सावित्रीकाठ दादा, शेवटच्या परिच्छेदासाठी मनापासून धन्यवाद. मूळ लेखात हे यायला हवं होतं.

भूस्तर

भूशास्त्राचा विद्यार्थी असल्याने थोडी भर घालतो. कुंडावर गेलं की कोणीतरी हमखास सांगतं, "खाली ज्वालामुखी आहे." तसं नाही. आपला काळा कातळ ज्वालामुखीतूनच आला, पण ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. ती उष्णता केव्हाच निघून गेली.

हे पाणी पावसाचंच आहे. कातळातल्या खोल भेगांमधून ते खाली झिरपत जातं. जमिनीत जसजसं खोल जावं तसं तापमान दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. दीड-दोन किलोमीटर खोल गेलेलं पाणी त्या हिशेबाने बऱ्यापैकी तापतं आणि दुसऱ्या एखाद्या भेगेतून वेगाने वर आलं तर वाटेत फारसं गार होत नाही. कोकणात अशा भेगा बऱ्याच ठिकाणी किनाऱ्याला समांतर, उत्तर-दक्षिण गेल्या आहेत. म्हणून पालघर जिल्ह्यापासून थेट राजापूरपर्यंत झऱ्यांची माळ लागते: अकलोली, गणेशपुरी, उन्हेरे, सव, उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी, राजापूरजवळचं उन्हाळे. वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. त्याचं प्रमाण अगदी थोडं असलं तरी नाकाला लगेच कळतं.

लेण्यांचा मुद्दा मला पटला, पण एक पुरवणी. लेणं कोरायला सलग, भेगा नसलेला थर लागतो आणि झऱ्याला भेग लागते. त्यामुळे झऱ्याच्या अगदी तोंडाशी लेणं सापडायचं नाही, काही अंतर राहणारच. पुढच्या वेळी लेण्यात गेलात तर छतावरून पाणी कुठे झिरपतं ते बघा. कोरणाऱ्यांना ती रेष चुकवायची होती की नव्हती, हे अर्धवट सोडलेल्या दालनांमधून कधी कधी कळतं.

तानसापार

मुंबई-ठाण्याच्या लोकांना दापोली लांब पडते. त्यांच्यासाठी वज्रेश्वरी-अकलोली-गणेशपुरी आणि नालासोपारा.

वज्रेश्वरीचं देऊळ चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेच्या नवसाचं. १७३९ मध्ये वसई पडली, त्यानंतर ते बांधलं गेलं. भक्कम दरवाजा आणि वर नेणाऱ्या दगडी पायऱ्या बघून किल्ल्यात शिरल्यासारखं वाटतं. कुंडं खाली तानसा नदीच्या बाजूला आहेत. गणेशपुरीला भीमेश्वराच्या देवळापाशी कुंडं आहेत, आणि नित्यानंद महाराजांची समाधी. शनिवार-रविवार टाळा, पाय ठेवायला जागा नसते.

तिथून वसईकडे उतरा. वसईचा किल्ला सगळेच बघतात, मी सोपाऱ्याचा आग्रह धरतो. नालासोपारा स्टेशनच्या गर्दीतून बाहेर पडून गावाकडे गेलं की विटांचा एक ढिगारा लागतो. लोक त्याला बुरुड राजाचा कोट म्हणायचे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला आणि आत स्तूप निघाला. मधोमध दगडी करंडक, त्यात एकात एक ठेवलेल्या डब्या, अगदी आत सोन्याची डबी, तिच्यात मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे, आणि भोवती आठ छोट्या ब्राँझच्या बुद्धमूर्ती. अशोकाच्या आज्ञालेखाचे तुकडेही सोपाऱ्यातच मिळाले, त्यातला एक फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. ज्या बंदराचं नाव ग्रीक लिखाणात येतं, ते शूर्पारक म्हणजे हे लोकलचं स्टेशन. मी रोज तिथून गाडी पकडतो आणि डब्यातल्या प्रत्येकाला हे सांगावंसं वाटतं.

गव्हाळी

मुलांबद्दल वर प्रश्न आहे, मी डॉक्टर आहे म्हणून लिहिते.

लहान मुलांचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापतं. त्यांना पाय सोडून बसू द्या, अंगावर कोमट करून पाणी घाला, कुंडात बुडवू नका. मोठ्यांनीही एका वेळी दहा-पंधरा मिनिटांच्या वर बसू नये. रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे, हृदयविकाराचे रुग्ण, गरोदर बायका यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच जावं. गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैल पडतात, दाब उतरतो, आणि माणूस झटकन उठला की भोवळ येते. ओल्या पायऱ्यांवर पडण्याचे प्रकार यातूनच होतात. मधुमेह असलेल्यांनी आधी हाताने पाणी तपासा. पायाची संवेदना कमी झालेली असली तर चटका बसल्याचं कळत नाही.

नाकात पाणी जाऊ देऊ नका. कोमट-गरम गोड्या पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा असू शकतो, तो नाकातून मेंदूपर्यंत जातो. आजार अत्यंत दुर्मिळ, पण झाला तर बहुतेकदा जीवघेणा. केरळात अलीकडच्या वर्षांत असे रुग्ण सापडले आहेत. ताईंनी लिहिलेल्या आज्जी डोकं कोरडं ठेवतात ते म्हणूनच मला फार आवडलं. सांधेदुखीला शेकाने बरं वाटतं हे खरं. त्वचारोग कायमचा बरा होतो असं कोणी सांगितलं तर औषध बंद करू नका.

खाडीपट्टा

मी कुंडाच्या पंचक्रोशीतलाच. धागा चांगला चाललाय, पण आमची बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो.

हे कुंड आमची न्हाणी आहे. थंडीत गावातली म्हातारी माणसं पहाटे जातात, बाळंतिणी जातात, भातकापणी करून आलेली माणसं संध्याकाळी जातात. पाहुण्यांनी यावं, आमची ना नाही, चार घरांना धंदा होतो. पण शाम्पूच्या पुड्या, बाटल्या, ओले कपडे तिथेच टाकून जातात. साबणाचा फेस दिवसभर पाण्यावर तरंगतो. दारू पिऊन उतरणारे असतात. बायकांच्या बाजूला मोबाइल घेऊन रेंगाळणाऱ्यांना आम्हाला हाकलावं लागतं.

आणि शहरातली माणसं येऊन म्हणतात, सिमेंट नको, फरशी नको, जुनं तसंच ठेवा. तुम्ही वर्षातून एकदा येता. आमच्या बायकांना आडोशाची भिंत हवी, न घसरणारी पायरी हवी, कपडे बदलायला खोली हवी. ते सिमेंटचं झालं तर होऊ दे.

कातळवाट

खाडीपट्टा दादा, तुमचं पटलं. आडोसा आणि पायरी यावर वाद घालायचा प्रश्नच नाही, बंदिस्त जागा आहे म्हणूनच माझ्यासारख्या बायका निर्धास्त उतरू शकतात. माझा आक्षेप मूळ झऱ्याच्या तोंडाशी चकचकीत टाइल्स लावायला आहे. झरा बारक्या बारक्या भेगांतून येतो, त्या कोणत्या ते ठाऊक नसताना वर काँक्रीट ओतलं तर पाणी दुसरीकडे वाट काढू शकतं. आंघोळीची जागा हवी तशी बांधा, उगमाला हात लावताना भूस्तर यांच्यासारख्या माणसाला आधी विचारा.

साबणाबद्दल शंभर टक्के अनुमोदन. कुंडात साबण लावायचाच नाही. अंग चोळायचं तर बाहेर येऊन, गार पाण्याने.

दूरदेशी

तुर्कस्तानातल्या पामुक्कलेला जाऊन आले आहे. तिथे नेमका हाच प्रश्न होता, म्हणून सविस्तर लिहिते.

डेनिझली शहराजवळ डोंगराच्या कडेवर गरम झरे आहेत. त्या पाण्यात विरघळलेला चुना बाहेर आल्यावर साकळतो आणि डोंगरभर पांढऱ्याशुभ्र पायऱ्या-पायऱ्यांची कुंडं तयार झाली आहेत. त्याच पठारावर, झऱ्यांना लागूनच, हिएरापोलिस नावाचं प्राचीन शहर आहे. पर्गामोनच्या राजांनी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वसवलेलं, पुढे रोमनांकडे आलं. लोक उपचारांसाठी यायचे. बरेच तिथेच वारले असणार, कारण शहराबाहेरच्या स्मशानात हजाराहून जास्त कबरी आहेत. त्यातल्या काही झऱ्याच्या चुन्यात अर्ध्या गाडल्या गेल्या आहेत. दगडी पेटीच्या कोपऱ्यावरून चुन्याचा थर ओघळून गोठलेला मी हाताच्या अंतरावरून बघितला. दोन हजार वर्षं पाणी वाहत राहिलं तर काय होतं हे तिथे समजतं.

तिथे प्लुटोनियन नावाची जागा आहे. जमिनीतून कार्बन डायऑक्साइड निघतो. तो हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. प्राचीन लेखक स्ट्राबो याने लिहून ठेवलंय की त्याने आत चिमण्या सोडल्या आणि त्या तत्क्षणी पडल्या. पुजारी मात्र आत जाऊन जिवंत बाहेर यायचे. जमिनीजवळ डोकं असलेली जनावरं मरायची, उभी माणसं वाचायची, असं आता संशोधक सांगतात.

आता मुद्द्याचं. विसाव्या शतकात या अवशेषांवरच हॉटेलं उभी राहिली होती. ती झऱ्याचं पाणी आपल्या तलावांकडे ओढायची, पांढऱ्या पायऱ्या करड्या पडल्या होत्या. १९८८ मध्ये जागा जागतिक वारसा यादीत गेली आणि पुढच्या वर्षांत ती हॉटेलं पाडून टाकली. आता पायऱ्यांवर चप्पल-बूट घालून जाता येत नाही. पाणी पाळीपाळीने वेगवेगळ्या कुंडांत सोडतात, मधल्या काळात बाकीची कोरडी राहतात. लोक फोटोत बघितलेलं भरलेलं पाणी शोधत येतात आणि नाराज होतात, पण त्या पाळीमुळेच पायऱ्या टिकल्या आहेत. पोहायला वेगळा तलाव आहे, भूकंपात कोसळलेले संगमरवरी खांब त्यात तसेच पडलेले, ३६ अंशांचं पाणी. त्याचं तिकीट वेगळं.

मला तिथलं एक फार भावलं. एकाच फाटकातून झऱ्यांकडेही जाता येतं आणि अवशेषांकडेही, त्यामुळे नुसतं पाय भिजवायला आलेली माणसंही नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर जाऊन बसतात. आपल्याकडे कुंडापाशी "पन्हाळेकाजी लेणी इकडे" असा साधा फलक लावला तरी खूप होईल.

सावित्रीकाठ

फलकाला जोरदार अनुमोदन. पामुक्कलेसारख्या तिकिटाला मात्र विरोध. बाहेरच्या गाड्यांना पार्किंगचे पैसे घ्या, ते ग्रामपंचायतीला जाऊ द्या, पण कुंडावर येणाऱ्या माणसाकडून पाण्याचे पैसे नकोत. चवदार तळ्याच्या गावात राहून मला ते मान्य होणार नाही.

खाडीपट्टा

पार्किंगचं चालेल. त्यातून एक बाई सफाईला ठेवता येईल. ग्रामसभेत विषय काढतो. फलकाचा मजकूर कोणीतरी नीट लिहून द्या, आमच्याकडे "प्राचीन लेणी" एवढंच लिहितील.

कातळवाट

मी देते लिहून, आनंदाने. भूस्तर, झरा गरम का असतो ते चार ओळींत तुम्ही द्या, ज्वालामुखीची गोष्ट तेवढी थांबेल.

दिंडीदरवाजा

आम्ही पावसाळा संपताच जायचं म्हणतोय. ऑक्टोबर चालेल?

कातळवाट

ऑक्टोबरचा उकाडा आणि सत्तर अंशांचा झरा, दोन्ही एकदम नकोत. नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत जा. भर पावसात पन्हाळेकाजीची वाट निसरडी होते, ओढ्याला पाणी असतं, तेव्हा अजिबात नको. सकाळी नऊपर्यंत लेण्यांवर पोहोचा, पाणी आणि खाणं सोबत घ्या, आसपास हॉटेल नाही. गौर लेण्यासाठी वेळ राखून ठेवा, त्याची वाट गावात विचारा. दुपारनंतर उन्हवऱ्याला या. टॉर्च, जाड पंचा, न घसरणारी चप्पल आणि तांब्या, एवढं सामान पुरे. साबण घरी.